रविवारचं मत

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडेच निघालो होतो. रविवार, सकाळचे साडेआठ. पायात चप्पल, हातात पिशवी, पिशवीत शेंगाचटणीची पुडी. फोनवर त्याचा मुलगा श्रीनिवास होता. "काका, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." मी "बरं, येतो" म्हणालो, कुणी दळण आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं, आणि पायातली चप्पल काढून पुन्हा घातली. त्याला आता सात आठवडे झाले. धक्का बसला का, असं लोक विचारतात. बसला. पण त्या मिनिटाला डोक्यात जो पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटावी असाच होता. आदल्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक पिक्चर बघितला होता आणि त्यावरचं अंबादासचं मत मला अजून मिळालेलं नव्हतं. ते घ्यायलाच मी निघालो होतो. आता ते कुणाकडून घ्यायचं?

ज्यांनी या पुरवणीतलं माझं 'मागची रांग' हे सदर कधी वाचलं असेल त्यांना अंबादास नावानं नाही, पण 'माझा एक मित्र' म्हणून माहीत आहे. माझा एक मित्र म्हणतो, माझ्या एका मित्राचं म्हणणं असं... असं मी किती वेळा लिहिलं असेल! त्या मित्राबद्दल नीट, नावानिशी लिहावं, असं तो गेल्यावर ठरवलं होतं. लेख मनात तयारही होता, चांगला ओलसर, डोळ्यांत पाणी आणणारा. तो लेख हा नव्हे. मधे एक गोष्ट कळली आणि तो तयार लेख मला फाडावा लागला. पण ती गोष्ट पुढं येईलच. आधी तो मला सव्वीस वर्षं जसा दिसला तसा सांगतो, कारण तेवढा तरी त्याचा हक्क आहे.

मी मूळचा सांगोल्याकडचा. घरी शेरडं-मेंढरं, वर्षाआड टँकर. शिकून सोलापुरात आलो आणि ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिलो. अंबादास पूर्व भागातला, टॉवेलच्या कारखान्यात लूमवर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मालकाशी हिंदी. आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. त्या काळी गावात एक हौशी फिल्म क्लब होता, महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून परदेशी चित्रपट दाखवायचा. एका रविवारी अमेरिकेतला जुना, काळापांढरा गुन्हेगारी पट होता. खाली अक्षरं नाहीत, हॉलमधले दोन पंखे खडखडतायत. मध्यंतरापर्यंत जवळजवळ सगळे उठून गेले. उरलो मी आणि मागच्या रांगेतला एक किडकिडीत माणूस. बाहेर पडल्यावर त्यानं मला गाठलं आणि आख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, तुम्हाला इंग्लिश येतंय न्हवं? त्या बाईनं शेवटी काय म्हटलं?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "आन् तसली टोपी कुठं मिळंल?"

टोपी त्याला पुढं मंगळवार बाजारात मिळाली. जुनी, तपकिरी, काठाला कसर लागलेली. ती घालून तो भर मे महिन्यात कन्ना चौकात उभा राहायचा. "काय अंबादास, शूटिंग हाय काय?" असं कुणी म्हटलं की तो दोन बोटांनी टोपीचा काठ खाली ओढायचा. जाणकार मंडळी ज्यांना फिल्म न्वार म्हणतात, अंधाऱ्या गल्ल्या, सिगारेटचा धूर, गोड बोलून घात करणाऱ्या बायका आणि आपला घात होतोय हे सोडून बाकी सगळं कळणारे नायक, त्या पिक्चरांना अंबादासनं एकच नाव ठेवलं होतं, 'टोपीवाले'. आणि दुसरं वेड त्याला माझ्यामुळं लागलं. माझ्याकडं एका इंग्रज रॉक बँडच्या कॅसेटी होत्या. ते चौघे तेव्हाच साठीकडं झुकलेले होते. पुढं त्यांच्या मैफिलींचे व्हिडिओ मिळायला लागले. त्यांना आम्ही 'म्हातारे' म्हणायचो. आता आम्हीही म्हातारे झालो, पण नाव त्यांच्याकडंच राहिलं.

दर शनिवारी दुपारी त्याच्या घरी एकतर टोपीवाला नाहीतर म्हातारे, असा आमचा नेम होता. आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टीव्ही, माझ्यासाठी लोखंडी खुर्ची, तो कॉटवर. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी वहिनी बसायच्या. मागच्या दारातून उजेड येतो तो तिथंच पडतो, म्हणून तोंड उजेडाकडं आणि पाठ टीव्हीकडं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. पिक्चर संपेपर्यंत त्या विड्या वळत बसायच्या. मधे एकदा उठून चहा द्यायच्या. मी मधूनमधून पिक्चर थांबवून गोष्ट मराठीत सांगायचो. खरं म्हणजे अंबादाससाठी सांगायचो.

आणि एक नियम होता. अंबादासचाच. पिक्चर संपला की मी लगेच तोंड उघडायचो, मास्तरकीची सवय. तो हात वर करायचा. "आज बोलायचं न्हाई मास्तर. मत मुरू दे. उद्या सांगतो." मग मी रविवारी सकाळी पुन्हा जायचो आणि तो मत सांगायचा. मला त्या नियमाचं केवढं कौतुक! आजकाल लोक थिएटरच्या पायऱ्या उतरायच्या आत मोबाइलवर मत टाकतात आणि इथं हा लूमवरचा माणूस मत लोणच्यासारखं रात्रभर मुरवतो, असं मी लिहिलंसुद्धा होतं. चित्रपट चालू असताना मात्र त्याची मतं अगदीच किरकोळ असायची. "टोपी भारी हाय." "गाडी लई लांब हाय की ओ." कधीकधी तो घोरायचाही. मी समजायचो, हा मुद्दाम साधेपणाचं सोंग करतोय.

आणि रविवारची मतं काय असायची! एका पिक्चरमध्ये नायिकेनं नायकाला अडकवलं की नाही, यावर माझी खात्री होती, अडकवलं. पडद्यावर तर स्वच्छ दिसत होतं. अंबादास रविवारी म्हणाला, "न्हाई मास्तर. खोटं बोलणारा माणूस वाक्य पुरं करतो. ती बाई दर वेळंला अर्ध्यात थांबत होती." मी घरी येऊन तो प्रसंग पुन्हा लावला. खरंच, ती दर वेळी अर्ध्यात थांबत होती. पण त्याआधीच, त्याच्या घरी ते वाक्य ऐकताक्षणी, मी लोखंडी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. आणखी एका पिक्चरमध्ये नायक शेवटी गोदामात जातो आणि मारला जातो. अंबादास म्हणाला, त्याला आधीच माहीत होतं मरायचंय ते, कारण त्याच्या बुटांचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा होता, घाबरलेल्या माणसाचा तसा राहत नाही. म्हाताऱ्यांबद्दलही तसंच. त्यांनी आता थांबावं की मरेपर्यंत गावं, यावर आमचं वर्षानुवर्षं भांडण. माझं म्हणणं, गावं. एकदा त्यांच्या मुख्य गायकाचा पंचाहत्तरीतला कार्यक्रम बघितला. मी भारावलो होतो. रविवारी अंबादास म्हणाला, "त्याला गाणं आता येत न्हाई मास्तर. पाठ हाय." आठवडाभर मी त्या वाक्यावर चिडून होतो, कारण ते खरं होतं. दोन वर्षांनी दुसऱ्या एका कार्यक्रमात तोच गायक मधेच एक ओळ विसरला, लोकांनी ती म्हटली आणि तो हसला. त्यावर मत आलं, "आज त्यानं पहिल्यांदा गाणं ऐकलं. आता गाऊ दे त्याला."

ही मतं मी सदरात लिहिली. पत्रं आली. एका वाचकानं विचारलं, तुमच्या या मित्राचा कान इतका तयार कसा? त्यावर मी अख्खा एक लेख लिहिला. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य घालवलेल्या माणसाला शंभर आवाजांतून एक तुटलेला धागा ऐकू येतो, वगैरे वगैरे. फार आवडला लोकांना. मी तो अंबादासला वाचून दाखवला. "मोठ्यांदा वाचा की," तो म्हणाला. मी मोठ्यांदा वाचला. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला वाटलं, विनय. आता लिहिताना हात थांबतो... अंबादास डाव्या कानानं ठार बहिरा होता आणि उजव्यानं अर्धा. लूमनंच त्याचे कान खाल्ले होते. आमच्या पूर्व भागात निम्मे कारागीर मोठ्यानं बोलतात ते त्यामुळंच, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याच्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. आणि मी, इंग्रजी वाङ्मयाचा माजी शिक्षक, त्या कानावर लेख लिहीत होतो.

माणूस म्हणून तो कसा होता? चांगला होता. आज हे लिहिताना दात-ओठ खावेसे वाटतात, तरी चांगला होता. माझं बायपास झालं तेव्हा पंधरा दिवस रोज दवाखान्यात डबा घेऊन आला. टोपी घालून यायचा. नर्सबाई त्याला 'तुमचे ते डिटेक्टिव्ह' म्हणायच्या. माझी बायको गेली त्या वर्षी त्यानं एकही शनिवार चुकू दिला नाही, मी नको म्हटलं तरी रिक्षा घेऊन दारात. पाच मिनिटं गप्प बसून मग म्हणायचा, "चला मास्तर. टोपीवाला वाट बघतोय." या गोष्टी खोट्या नव्हत्या. डबा तेवढा वहिनींच्या हातचा होता.

तो गेल्यावर पहिले दोन आठवडे घरात माणसांची रीघ होती. मी जाऊन बसून यायचो. पाचव्या आठवड्यात एका शनिवारी दुपारी जेवण झालं आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले. वहिनी एकट्याच होत्या. पुन्हा उंबऱ्याशी बसायला लागल्या होत्या, सूप घेऊन. मी लोखंडी खुर्चीत बसलो. कॉट रिकामी. वर खिळ्याला टोपी. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "वहिनी, त्या शेवटच्या शनिवारच्या पिक्चरचं अंबादासचं मत राहूनच गेलं बघा. तेवढं एक मनाला लागून राहिलंय."

त्यांनी कात्रीनं पान कापलं आणि भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं इतक्या सहज म्हणाल्या, "मी रात्री सांगितलेलं की त्यांना. तुम्हाला सांगायच्या आतच गेले ते. सांगू का आता?"

मला वाटलं, अंबादास जे बोलला ते त्या सांगणार. म्हटलं, सांगा की.

तो पिक्चर असा होता. बंदरावरचा एक पहारेकरी, त्याच्या हातून खून झालाय आणि तो थोरल्या भावाच्या घरी लपलाय. शेवटी भाऊच पोलिसांना फोन करतो. "फोन ठेवल्याचा आवाज आलाच न्हाई," वहिनी म्हणाल्या. "त्या भावानं बोलणं संपवलं, पण फोन ठेवला न्हाई. पोलीस तिकडं काय बोलतात ते ऐकत बसला. घात करणारा माणूस लगीच निघून जात न्हाई सर. थांबून ऐकतो, कुठं लागलं ते."

वाक्य शंभर टक्के अंबादासचं होतं. "हे... अंबादास म्हणाला?"

"ते कुठलं? ते झोपले होते की अर्ध्यात. मी म्हटलं."

"आणि ते खोटं बोलणारा माणूस वाक्य पुरं करतो, ते?"

"ते बी. बुटाचं बी. त्या म्हाताऱ्याचं बी." त्यांनी वर बघितलं. "असं का विचारताय सर? तुम्हाला माहीत हाय की सगळं."

मला! मी विचारलं, असं कोण म्हणालं. त्या पुन्हा सुपात बघायला लागल्या. "हेच म्हणायचे. सरांना माहीत हाय तुझं हाय म्हणून. पण बाईमाणसाचं नाव पेपरात बरं दिसत न्हाई, असं सर म्हणतात. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या. तुमचं बी बरोबर असंल." आणि मग, तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून, "चौथीपर्यंत मराठी शाळा हाय माझी. दर आठवड्याला वाचायची मी तुमचं. माझं वाक्य आलंय का बघायला. दोनदा बिघडवलं तुम्ही."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. फसवलं गेल्यासारखं वाटलं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला फसवलंच होतं. दुसऱ्याचं मत आपलं म्हणून खपवलं, ते मी एक वेळ हसून सोडलं असतं. पण त्यानं माझ्या तोंडात वाक्य घातलं होतं. जे मी कधी बोललो नाही, ज्याची मला आयुष्यभर चीड आहे, असलं बुरसटलेलं वाक्य माझ्या नावावर त्याच्या घरात फिरत होतं आणि ते ऐकून घेऊन वहिनी मला दर शनिवारी चहा देत होत्या. त्या चहात काय काय विरघळलेलं असेल! मी तोंड उघडलं, मला यातलं काही माहीत नव्हतं, असं सांगायला. तेवढ्यात भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. मी खरा ठरायचा तर तो खोटा ठरणार होता. पाच आठवड्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला तो खोटारडा होता, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, "चुकलं माझं वहिनी. तुमचं नाव मी घालायला हवं होतं." वाक्य पूर्ण केलं. त्यांनी क्षणभर कात्री थांबवली, "हूं" म्हणाल्या आणि पुढचं पान घेतलं.

घरी येऊन मी अंबादासशी भांडलो. मोठ्यानं, त्याच्या उजव्या कानाला ऐकू जाईल अशा आवाजात. अरे, सव्वीस वर्षं! एक रविवार तरी म्हणायचंस, मास्तर, हे माझं नाही. मी काय तुझी टोपी काढून घेणार होतो? टोपीवाल्या पिक्चरमधल्या नायकाला दीड तास आपला घात कळत नाही म्हणून मी किती हसायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी पोरांना शिकवलेलं. मतं सगळी आवाजाची, बुटांची, थांबण्याची, ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या फोनची, कारण पाठ टीव्हीकडे आणि डोळे पानात. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही म्हणून शब्दांची भुरळ नाही, नुसता सूर. आणि मत मुरायला रात्र लागायची, कारण ते रात्री जेवताना मिळायचं. सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं. मी सदरांच्या कात्रणांची फाइल काढून बसलो. प्रत्येक लेखात एक वाक्य त्यांचं होतं आणि बाकीची विशेषणं माझी. आयत्या पिठावर रेघोट्या अंबादासनं ओढल्या म्हणून चिडायचं, तर त्याच पिठाच्या भाकरी थापून मी वर्तमानपत्रात विकत होतो. हा विचार आला तसा मी फाइल बंद केली. वहिनींना त्यांचं मत मी कधी विचारलं नाही, हे खरं. पण मला सांगितलं कुठं कुणी?

तरी त्या दिवशी मी वहिनींपाशी जे बोललो ते गिळून बसणं मला जमेना. दहा-बारा दिवस जेवण गेलं नाही. मूठभर लोकांना माहीत असलेलं आपलं नाव त्या घरात असं पडून राहणार... आणि तेही मेलेल्या माणसाच्या खोट्यासाठी. शेवटी मी हा लेख लिहायला घेतला. वर वाचलात तो इथपर्यंतचा. पण छापून आल्यावर वहिनींनी तो एकट्यानं वाचावा, हे बरं वाटेना. गेल्या शनिवारी दुपारी कागद घेऊन गेलो. म्हटलं, अंबादासवर लिहिलंय, तुम्ही आधी ऐका. त्यांनी सूप ओढलं, पाठ माझ्याकडं केली. मी म्हटलं, वहिनी, आज तरी इकडं तोंड करून बसा. तर म्हणाल्या, "तोंडं बघितली की नीट ऐकू येत न्हाई सर."

मी वाचलं. टोपीपाशी त्या हसल्या. कानापाशी हसल्या. त्या पाचव्या आठवड्यातल्या दुपारपाशी आलो. कागद बाजूला ठेवला. "वहिनी, हे मी त्या दिवशी बोललो नाही... पण खरं म्हणजे मला... तुमचं आहे हे मला कधी..."

"माहीत न्हवतं," त्यांनीच पुरं केलं. कात्री चालूच होती. "कळलं मला. त्या दिवशी 'चुकलं माझं' म्हणालात न्हवं, सरळ, न थांबता, तेव्हाच कळलं." मग थोड्या वेळानं, "त्यांचं बी कळायचं सर. लग्नापासनं निजले त्यांच्याशेजारी, त्यांचा खोटा आवाज मला कळणार न्हाई? 'बाईमाणसाचं नाव बरं दिसत न्हाई, असं सर म्हणतात.' कसं पाठ केल्यासारखं पुरं वाक्य. तुम्ही म्हटलं न्हाई, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"पहिल्यांदा त्यांनी गंमत म्हणून सांगितलं तुम्हाला, ते वाक्य पुरं करायचं. तुम्ही उठून टाळ्या वाजवल्या. आतनं बघितलं मी. एवढं कुणी टाळ्या वाजवल्या न्हवत्या त्यांच्यासाठी, जन्मात. मग कसं सांगतील ते? आन् मी कसं सांगू?" पान कापलं, तंबाखू भरली, वळली, दोरा बांधला. "पण एवढी वर्षं बसले मी हितं. तुमच्या खुर्चीपासनं चार हातावर. मला वाटायचं, आज चहा घेताना विचारतील. वहिनी, तुम्हाला कसा वाटला पिक्चर... एवढंच. सोपं हाय की. ते खोटं बोलले, त्याचं मला एवढं लागलं न्हाई."

मी कागद उचलून उरलेला लेख वाचून संपवला आणि कसा वाटला, असं विचारलंच शेवटी. सवय. त्यांनी अंबादाससारखाच हात वर केला. मग माझ्या ध्यानात आलं, अंबादासच त्यांच्यासारखा हात वर करायचा. "आज न्हाई. उद्या या."

काल... म्हणजे रविवारी सकाळी गेलो. शेंगाचटणीची पुडी घेऊन. त्यांनी चहा दिला आणि आपलाही कप घेऊन उंबऱ्यावरच बसल्या. "लांबलंय," म्हणाल्या. "ते चालंल, तुमचं लांबतंयच. त्यांच्यावर राग धरलाय, तो बी बरोबर हाय. डब्याचं घातलं ते चांगलं केलं. पण स्वतःला लई लवकर सोडलंय सर. त्यांनी सांगितलं न्हाई, सांगितलं न्हाई, असं सगळीकडं हाय. तुम्ही विचारलं न्हाई, ते एकदाच आलंय, आन् त्याच्या पुढं लगीच 'पण' हाय."

मी म्हटलं, ती जागा दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, नको, तशीच राहू दे, लोकांना कळू दे. म्हणून ती वर तशीच आहे. मग मी म्हणालो, ह्या वेळी तुमचं नाव घालणार, पूर्ण नाव, कुणी काही म्हणो. "घाला की," त्या म्हणाल्या. मी ऐटीत खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरला, लिहिलं, 'ही सगळी मतं ज्यांची होती त्या', आणि पेन थांबलं. नाव श्रीनिवासच्या लग्नाच्या पत्रिकेत असणार. दवाखान्यात डब्यावर चिठ्ठी असायची, तिच्यावर असणार. मी वर बघितलं नाही. खोली शांत होती, कात्रीसुद्धा. माझं वाक्य अर्ध्यात थांबलेलं त्यांना ऐकू आलं होतं.

"भूदेवी," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं. वर खिळ्याला त्याची टोपी होती.